बोटांचे वळ

सासूबाईंनी नातीचा फ्रॉक वर केला आणि मुलाला एवढेच म्हटले, "बघ."

पोरीच्या बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी बोटांचे लालभडक वळ उठले होते. अंगठ्याच्या जागी तर फोड आला होता. एवढ्याशा जिवाला इतक्या जोराने कोण आवळते? मुलाने बायकोकडे पाहिले. पोरीजवळ बहुतेक वेळ तीच असे.

आपण पोरीला कधी चापटही मारली नाही, असे सुनेने शपथेवर सांगितले. मग धीर करून ती म्हणाली, "आई, अंजिराच्या चिकानं असं होतं म्हणे. तुम्ही छाटणी करता करता हिला टबातून उचललंत. अंग ओलं, वर ऊन. त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या."

सासूबाईंनी आपले राठ तळवे तिच्यापुढे धरले.

"स्वतःचं पाप झाडावर ढकलतेस? उभी हयात त्या झाडात गेली माझी. या हातांना कधी खाज तरी सुटली का?"

तळवे स्वच्छ होते. डॉक्टरांचा विषय त्यांनी तिथेच मोडून काढला. घरची अब्रू दवाखान्यात मांडायची त्यांची तयारी नव्हती. मुलगा आईच्या शब्दाबाहेरचा नव्हता. पोरीची मिठी सोडवून तो बायकोला माहेरी पोहोचवून आला. जाताना सुनेने आपला निरोप घेतला नाही, एवढे मात्र सासूबाईंच्या ध्यानात राहिले.

घर शांत झाले. अंजिराची छाटणी अर्धवट राहिली होती, ती त्यांनी पुन्हा हाती घेतली. दुसऱ्या कोणाच्या हाती कात्री देणे त्यांना कधी मानवलेच नाही. फांदी कापली की पांढरा चीक तळव्यावर ओघळे. तो लुगड्याला पुसून त्या पुढची फांदी धरत. नात उन्हात, टबातल्या पाण्यात खेळत होती. कंटाळून तिने हात वर केले आणि त्यांनी तिला अलगद उचलून घेतले.

दोन दिवसांनी पोरीचे कपडे बदलताना त्यांचा हात थबकला. जुने वळ काळवंडले होते. त्यांच्या शेजारी नवे उठले होते, लालभडक. त्यांनी आपली बोटे त्यांवर टेकवली. एकही बोट इकडेतिकडे झाले नाही. पोर कण्हली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो वकिलाच्या कचेरीत बसला होता. मुलीचा ताबा तिच्या आईला कधीच मिळू नये, असा अर्ज तयार होता. सही तेवढी उरली होती आणि हात धजत नव्हता, असे तो चाचरत सांगत राहिला. मग त्याने विचारले, "आई, नवीन काही उठलं नाही ना गं तिच्या अंगावर?"

सासूबाईंनी फ्रॉक खाली ओढला. पाठीची बटणे एकेक करून लावली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू सही कर."