प्रार्थनेचं स्विंग

बाबांनी आयुष्यात एकच चाल लावली, एका संथ, गंभीर प्रार्थनेची. थोरल्या मुलाने तिला ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम्स जोडले आणि आपल्या बिग बँडसाठी तिचं चक्क नाचऱ्या ठेक्याचं जॅझ स्विंग करून टाकलं. लोक खुर्च्या सोडून नाचले. बाबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

आता पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबा कुणाशीच बोलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "ओळखीचं संगीत ऐकवून बघा." आईने मूळ प्रार्थना लावली, पण बाबांची पापणीही हलली नाही. मग थोरल्याने भीतभीत फोनवर आपलं स्विंग लावलं. ट्रम्पेटचा पहिला सूर फुटला आणि बाबांचे ओठ थरथरले.

"बंद कर... गाढवा!"

"अरे, बोलले रे बोलले!" आईच्या डोळ्यांना धार लागली. "लाव, पुन्हा लाव!"

"चिडतायत तोवर काळजी नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्विंगचे सकाळ-संध्याकाळ डोस ठरवून दिले. बाबांचा संताप वाढत गेला तशी तब्येतही सुधारत गेली. काल तर त्यांनी उशी उचलून थोरल्याच्या अंगावर भिरकावली, तेव्हा नर्सने टाळ्या वाजवल्या.

आज स्विंग सुरू झालं, तरी बाबा गप्प पडून होते. डोळे मिटून त्यांनी चादरीवर बोटांनी ठेका धरला आणि हळूच म्हणाले, "वा!"



जन्मभर हाच एक शब्द ऐकायला आसुसलेला थोरला "डॉक्टर! डॉक्टर!" करत व्हरांड्यातून धावत सुटला.