आधी 'नाही'

रेडिओवर रोज सकाळी लोकांची रुमानियन भाषा सुधारणाऱ्या इलिंकाचा साखरपुडा होता. खेड्यातून आलेली तिची आई, साफ्ता, पेला उंचावून विहीणबाईंना म्हणाली, "सांभाळा हं हिला. मला या एका मुलीशिवाय कोणी आहे."

"आई, 'नाही' खाल्लंस!" इलिंका हसत म्हणाली. "'शिवाय' आलं की 'नाही' हवंच. आणि आपल्या रुमानियनमध्ये 'नाही' आधी येतं. श्रोते म्हणतील, हिच्या घरातच बोंब!"

सगळं टेबल हसलं. साफ्ताही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

थोड्या वेळाने नवऱ्या मुलाचे काका आले. ते साफ्ताला ओळखत नव्हते. तिच्या शेजारची खुर्ची ओढत त्यांनी आपुलकीने विचारलं, "काय वहिनी, मुलंबाळं किती तुम्हाला?"

साफ्ताने लेकीकडे पाहिलं. या खेपेला चुकायचं नाही म्हणून तिने 'नाही' आधी घेतलं.

"नाहीत मला..." एवढं म्हणून ती अडली. पुढचा कुठला शब्द बरोबर, ते तिला ठरवता येईना.

"अरेरे! माफ करा हं, वहिनी," काका ओशाळून म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातावर हलकेच थोपटलं.

साफ्ता मान खाली घालून बसली. समोर इलिंकाने सगळं ऐकलं होतं. एवढी मोठी चूक समोर होती आणि ती सुधारायला तिची जीभ उचलत नव्हती.