मावशींचा एक बरा फोटो

"ताई, माझा एक बरा फोटो काढून ठेवा. आमच्या रंगाच्या माणसाला काही झालं, की पेपरवाले ओळखपत्रावरचाच छापतात, चोरासारखा," बाळाला सांभाळणाऱ्या, परदेशातून आलेल्या मावशी एकदा म्हणाल्या होत्या.

"मावशी, तुमचं आपलं काहीतरीच!" बाळाच्या आईनं हसण्यावारी नेलं.

काल बसथांब्यावर एका तरुणानं "ए काळी, चालती हो आमच्या देशातून!" असं ओरडत मावशींच्या डोक्यात बाटली घातली. मावशी अजून शुद्धीवर नाहीत. आजच्या पेपरात तो पदवीच्या झग्यात हसतोय: 'हुशार विद्यार्थी परीक्षेच्या ताणाखाली'. शेजारी ओळखपत्रावरच्या मावशी: 'थांब्यावर बाचाबाची'.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेपरच्या कचेरीत फोन लावून तिनं संपादकाला फैलावर घेतलं.

"बाई, मिळाला तो छापला. तुमच्याकडे चांगला असेल तर पाठवा, उद्या घेतो."

बाळ कडेवर चुळबुळत होतं. तिनं अख्खा फोन पालथा घातला. दोन वर्षांचे हजारो फोटो, सगळ्यांत बाळ. कुठे मावशींचा हात, कुठे कोपर, कुठे नुसता खांदा. चेहरा दर वेळी तिनंच कापला होता.

तुमचं मूल कुणी सांभाळत असेल, तर आज फोनमध्ये तिचा चेहरा शोधा. आणि काल ती घरी नीट पोहोचली ना, तेवढं विचारा.