रक्तात नसलेलं औषध

"गोळ्या घेतल्या तर आजारी, नाही घेतल्या तर दुप्पट आजारी," सुतार म्हणाला. "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालं की हे, साहेब."

उत्तर देण्याआधी विमा कचेरीतले साहेब पाणी प्यायले. त्यांच्या टेबलावर कायम दोन ग्लास असत, एक रिकामा झाला की दुसरा हजर. थोडं पाणी फायलीवर सांडलं, ते त्यांनी बाहीने टिपलं.

सुताराचा अर्ज तिसऱ्यांदा आला होता. नऊ वर्षांपूर्वी मनाच्या डॉक्टरकडे त्याच्या नावाचा केसपेपर निघाला होता आणि तेव्हापासून दर महिन्याला त्याच्या नावावर गोळ्या येत होत्या. त्याने हे लपवलं नव्हतं. लपवून करणार काय? औषधाच्या दुकानाच्या पावत्यांना तोंड असतं.

"पण कंपनीच्याच डॉक्टरांनी रक्त तपासलंय," शेजारच्या टेबलावरून कारकूनबाई म्हणाल्या. पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत काढल्यामुळे त्यांना कुणाची भीती उरली नव्हती. "औषधाचा मागमूस नाही. म्हणजे माणूस ठणठणीत, नाही का?"

"ठणठणीत माणूस गोळ्या विकत कशाला घेईल, बाई? घेतो आणि खात नाही. असा माणूस जास्त धोक्याचा."

"मग जातात कुठे त्या? उंदरांना घालतो?"



सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि एका कोऱ्या कागदावर, पट्टी न घेता, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. कारकूनबाईंनी पट्टी लावून पाहिली. रेघ इतकी सरळ होती की पट्टीच वाकडी वाटायला लागली.

"हा हात दिवसभर करवतीच्या पात्याजवळ असतो," तो म्हणाला. "थरथरतोय का कुठे? पण पात्याला काय, आज लाकूड, उद्या मी. मला आई नसलेली नऊ वर्षांची पोर आहे. माझ्यामागे तिचं शिक्षण तरी व्हावं, एवढंच मागतोय."

"नातेवाईक असतील ना?"

"आहेत की. म्हणून तर विमा मागतोय."

कारकूनबाईंनी खोकल्याच्या आड हसू लपवलं आणि अर्जावरचा उरलेला प्रश्न वाचला. "रक्ताच्या नात्यात आणखी कुणाला मनाचा आजार आहे का? हा रकाना तुम्ही तिन्ही वेळा कोरा सोडलाय."

सुतार साहेबांकडे बघत राहिला. "साहेबांनीच भरावा. ते म्हणतील ते."

साहेबांनी पेन उचललं, 'नाही' लिहिलं आणि ते पुन्हा पाणी प्यायले.

"असे आजार सांभाळून माणसं नोकऱ्या करतात, साहेब," सुतार म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण पेन्सिल मुठीत मोडली होती. "खुर्चीवर बसतात. दुसऱ्याच्या पोरीचं काय व्हायचं तेही ठरवतात. त्यांचं काही अडत नाही."

"करत असतील. मला कागद बघायचा असतो. असा शिक्का एकदा बसला की त्या माणसाची हमी कंपनी घेऊ शकत नाही. कुणीच घेऊ नये."

"कुणीच?"

"नियम आहे."

साहेबांनी नकाराचा शिक्का मारला. तो तिरका बसला, म्हणून पुन्हा मारला. तोही तिरकाच बसला.

"इथून नकार गेला की दुसरी कुठली कंपनी दारात उभी करत नाही यांना," कारकूनबाई म्हणाल्या. "हे ठाऊक आहे ना, साहेब?"

"जावक नोंद करून आणा."

बाईंनी फाईल उचलली, ती उचलण्यापेक्षा आपटल्यासारखीच वाटली, आणि त्या बाहेर गेल्या. दार लागलं.

खोलीत दोघेच उरले. सुताराने हत्यारांच्या पिशवीत हात घातला. पटाशी आणि रंध्याच्या खालून त्याने औषधाच्या दुकानाची पुडी काढली, तिच्यावरचा भुसा फुंकला आणि ती पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली.

"या महिन्याच्या तुझ्या गोळ्या. सकाळी एक, रात्री दोन," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून केसपेपर तुझ्या नावाने काढ, धाकट्या. पोरीसाठी आता मला बरं व्हायचंय."