डावा कोपरा

चोपन्न सालच्या पोळ्यानंतर पैनगंगेचा पूर ओसरला. चतुरा बुडाली त्याला तिसरा दिवस होता, आणि अजून तिचं प्रेत सापडलं नव्हतं.

तेव्हा काठावरच्या भोयांच्या रीतीनं तिच्या नवऱ्यानं, जगदेवनं, आपला तराफा बिनमाणसाचा पाण्यात सोडला. त्यावर तिची बांगडी ठेवली आणि दोर हातात धरला. असा रिकामा तराफा जिथं अडेल तिथं बुडालेलं माणूस असतं, ही त्यांची समजूत.

भर दुपारी तराफा डोहाच्या मधोमध थांबला. धार वाहत होती, तरी हलेना. चतुराचा भाऊ मारोतराव पोहत गेला आणि त्यानं बुडीवर बुडी मारली. चिखलाशिवाय हाती काही लागलं नाही.

"घ्या ओढून, जवाईबुवा," काठावर येऊन तो म्हणाला, "नाही तिथं ती."

जगदेव दोर ओढू लागला. रिकामा तराफा जड लागत होता.

"त्याचा डावा कोपरा कायले बुडून राह्यला?" मारोतरावनं विचारलं.

जगदेव दोर ओढत राहिला. वीस वर्षं चतुरा त्याच कोपऱ्यावर पाण्यात पाय सोडून बसायची. तराफा कलतो म्हणून तो तिच्यावर खेकसायचा आणि उजवीकडे धोंडा ठेवायचा. आज बसणारं कुणी नाही म्हणून धोंडा काठावरच राहिला होता.

तराफा काठाला टेकला. कोपरा अजून पाण्याखालीच होता.

जगदेवनं सवयीनं हात पुढे केला.

"उतर वं," तो म्हणाला.

डावा कोपरा हळूच वर आला, आणि तराफा सरळ झाला.