पुण्याची तोंडी परीक्षा

"मिसळ कुठं खाता?" रंगनाथमामांनी विचारलं, आणि बैठकीतले सगळे चमचे पोह्यांत थांबले.

"तुळशीबागेत," मुलगी बघायला आलेला बजरंग म्हणाला. "पण सकाळीच. उशीर केला की तर्री संपते."

मामांनी मान डोलावली. सेलूच्या त्या घरात पुण्याबद्दल शेवटचा शब्द मामांचा असे. ते चाकणच्या एका कंपनीत होते, आणि दाजींनी, म्हणजे राजेश्रीचे वडील माणिकराव यांनी, त्यांना आज मुद्दाम बोलावून घेतलं होतं. राजेश्रीला पुण्यात राहणाराच नवरा करायचा, शेतकरी नको, एवढी एकच अट माणिकरावांची होती. हल्ली पुण्याचं नाव सांगून येणारे फार झालेत, तेव्हा परीक्षक घरचाच असलेला बरा.

"बरं, सुट्टीच्या दिवशी बघायचं काय?"

"पहाटे पर्वती. नंतर पाताळेश्वराची लेणी, तिथं सावली असते. केळकर संग्रहालय निवांत बघायचं, घाई करायची नाही. संध्याकाळी सारसबाग. घरी पाहुणे असतील तर सिंहगड. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. मस्तानी प्यायची ती गड उतरल्यावर. आधी प्यायली तर चढवत नाही."

बजरंग थांबायला तयार नव्हता. शेजारी त्याचे वडील मुंजाजी, शंकरपटात आपली बैलजोडी पुढं निघाल्यासारखे, डोळे मिटून ऐकत होते. पेडगावच्या या पोरानं आजवर जिथं जिथं 'शेती करतो' असं खरं सांगितलं, तिथून त्याला बशी अर्धी टाकून उठावं लागलं होतं. म्हणून आज तो सोबत पुणं घेऊन आला होता.

"बरोबर हाय," मामा म्हणाले. "समदं बरोबर हाय."

माणिकरावांचा चेहरा खुलला.

"तुमाला काय ठावं, बरोबर हाय का चूक?"

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. तिथं मामांच्या पत्नी पंकजामामी उभ्या होत्या. हातात झारा होता.

"पंकजा, बैठक चालू हाय."

"चालू ऱ्हाऊ द्या की. मी कुठं बंद पाडायलेय?" मामी बजरंगाकडं वळल्या. "भाऊ, ह्यातलं तुमी किती बघितलं?"

"सगळं."

"कवा?"

"रविवारी," बजरंग म्हणाला. एवढं एकच उत्तर त्यानं जरा चाचरत दिलं.

"दाजी," मामी माणिकरावांना म्हणाल्या, "हा पोरगा पुण्यात राहत न्हाई."

"कशावरून?"

"पुण्यात राहणारा माणूस रविवारी कपडे धुतो अन् झोपतो. त्याला कंपनीची बस कुठं थांबती तेवढं ठावं असतं. इत्तं पुणं फक्त पाव्हण्याला ठावं असतं."

माणिकरावांनी मेव्हण्याकडं पाहिलं. मेव्हणे बशीत शेंगदाणे शोधत होते.

बजरंगानं बशी खाली ठेवली. "मी पेडगावातच असतो," तो म्हणाला, आणि त्याची पुणेरी मराठी तिथंच संपली. "शेती करतो. कापूस, सोयाबीन, अन् एक म्हैस. पुण्याला आत्याच्या पोराकडं एकदाच गेलतो. बाकीचं मोबाइलवर बघून पाठ केलंय."

"बारावीला इत्ता अभ्यास केला असता," मुंजाजी म्हणाले, "तर आज खरंच पुण्यात असता."

कुणी हसलं नाही.

"पाव्हणे," माणिकराव म्हणाले, "ऊन व्हायच्या आत निघालेलं बरं."

मुंजाजींनी टोपी नीट केली. बजरंग उठला. तेव्हा राजेश्रीनं, जी इतका वेळ रीतीप्रमाणं सतरंजीकडं बघत बसली होती, मान वर केली. अशा बैठकीत मुलीनं उत्तरं द्यायची असतात. नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं, स्वयंपाक येतो का ते सांगायचं. तिनं विचारलं.

"पेडगावात काय बघायला हाय?"

या प्रश्नाची बजरंगानं काहीच तयारी केली नव्हती. त्यानं बराच विचार केला. सगळं गाव एकदा मनातल्या मनात फिरून आला.

"काई न्हाई," तो म्हणाला.

"अन् खायला?"

"बाहेर काई भेटत न्हाई. आई रानात असली की मी धपाटे करतो. पहिले दोन करपतेत."

राजेश्रीनं हसू आवरायचा प्रयत्न केला. तो नीटसा जमला नाही. "मग पुणं कवा दाखवता?" तिनं विचारलं.

"राजे!" माणिकराव म्हणाले. त्यांनी एकदा मेव्हण्याकडं पाहिलं, एकदा दारात अजून उभ्या असलेल्या पंकजामामींकडं, आणि मग बजरंगाकडं. माणसाच्या तोंडातून खरं बाहेर पडल्यावर तो कसा दिसतो ते जरा निरखलं. शेवटी त्यांनी आत हाक दिली, "शिरा टाका."

शिरा होतो तो सोयरीक जमल्यावरच, हे बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मुंजाजींनी तर टोपीच काढून मांडीवर ठेवली.

"पेरणी उरकली की जाऊ," बजरंग राजेश्रीला म्हणाला. खरं बोलायची आता त्याला चटक लागली होती. "पण दोनच दिवस बरं का. म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत न्हाई."

पंकजामामी झारा ठेवून आल्या आणि सरळ बैठकीत राजेश्रीला खेटून बसल्या.

"दोन दिवस लय झाले बाई," त्या म्हणाल्या. "आमी लग्न झाल्यापासून पुण्यातच हावोत. पुणं बघायचे आमचे ते दोन दिवस अजून निघायचेत."