पंखांचा कोन

"या वेळी पंख दे बाई," संपादक म्हणाले. "रेसची गाडी आहे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आता उडाली!"

ताईनं पेन उचललं. कंपनीची नवी रेसिंग मोटरसायकल यायला अजून वर्ष होतं. ती कुणी पाहिलीही नव्हती. पण 'अशी असेल नवी गाडी' या मथळ्याखाली ताईचं चित्र दर महिन्याला मासिकात येई आणि अंक हातोहात खपे. तिनं गाडीच्या तोंडापाशी, दोन्ही बाजूंना, छोटे पंख काढले. जरा वर उचललेले.

लोक म्हणत, हिला आतली बातमी असते. म्हणणारच. तिचा धाकटा भाऊ बारक्या त्याच कंपनीत नव्या गाड्या चालवून बघायच्या कामावर होता. पण तोंडाला कुलूप! तशी लेखी हमीच दिली होती त्यानं. ताईही विचारत नसे. रविवारी तो जेवायला आला की चित्र टेबलावर पसरून ठेवी आणि गुपचूप त्याचा चेहरा वाची. काही चुकलं असतं तर बारक्यानं चिडवून जीव नकोसा केला असता.

त्या रविवारी तो ताट निवेपर्यंत चित्राकडे पाहत राहिला.

"ताई, हे तुला कोण सांगतं गं?"

ताईनं डोळा मिचकावला. "गुपित आहे."

तो हसला नाही. पंखांवरून बोट फिरवलं आणि मान खाली घालून जेवू लागला. सापडलास लेका, ताई मनात म्हणाली.

काही महिन्यांनी संपादकांच्या हाती चाचणीच्या ट्रॅकवर चोरून काढलेला एक फोटो पडला. ते नाचायचेच बाकी होते. "हुबेहूब तुझी गाडी!"

ताईनं भिंग लावलं. टाकी तीच. सीट तीच. पंख तेच. मग तिचा हात थांबला. चित्र काढताना टाकीखाली शाईचा एक थेंब सांडला होता, तो पुसायचा तिनं कंटाळा केला होता. फोटोत नेमक्या त्या जागी एक गोल भोक होतं.

तिनं बारक्याला फोन लावला. वाजत राहिला. त्या रविवारी तो जेवायलाही आला नाही.

सोमवारी सकाळी दारात कंपनीचे मुख्य इंजिनिअर उभे. ताई त्यांना बसू देण्याआधीच बोलत सुटली. "बारक्यानं मला एक अक्षर सांगितलेलं नाही हो. शपथ घेते. त्याची नोकरी घेऊ नका."

"ठाऊक आहे." ते टेबलापाशी टेकले. "त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. आमच्याकडे गाडीच नव्हती. मालकांना तुमचं चित्र आवडलं. म्हणाले, लोकांना हीच हवीय, रेघ न् रेघ अशीच करा."

टाकीखालचं ते गोल भोक ताईला आठवलं.

"पंखांचा कोन तुम्ही कशावरून धरलात?"

"तसा... छान दिसत होता."

इंजिनिअरनी डोळे मिटून घेतले.

"चाचणीत वेग वाढला तसं बारक्याच्या गाडीचं पुढचं चाक उचललं गेलं. कोन मला पटत नव्हता, मी त्याला थांब म्हणालो होतो. तो हेल्मेट चढवत म्हणाला, 'काळजी करू नका साहेब, ताईला कुठूनतरी पक्की खबर असते.'"